सुमनची आढी

भर आंब्याच्या सीझनमध्ये सुमनला दवाखान्यात नेली, तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलायच्या आधी तिच्याशी बोलला. "मावशी, दिवाळीतच सांगितलं होतं ना, गाठ लगेच काढू. मग आला का नाहीत?" तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. बायकोच्या छातीत गाठ आहे हे मला असं कळलं... डॉक्टरला आधीच ठाऊक, आणि मी नवरा, तिच्या चपला हातात घेऊन उभा. पुढं महिनाभरात ती गेली.

मी साताऱ्याकडचा, चौथी शिकलेला, फळबाजारात पेट्या वाहणारा. बाजार मुंबईतून वाशीला आला, तसे आम्हीही वाशीजवळच्या पावणे गावात एका खोलीत आलो. फुटलेल्या पेटीतला कच्चा आंबा स्वस्तात मिळायचा. सुमननं खाटेखाली भाताचा पेंढा पसरला आणि आंबे पिकवून विकायला माहेरी घालायचे तशी आढी घातली. मी म्हणालो, पावडरची पुडी टाक, लगेच पिवळे होतात, अख्खा बाजार तेच करतो. एका थराला टाकलीसुद्धा. वरून सोनं, आत आंबट. गिऱ्हाइकांनी परत केलेले ते सगळे आंबे तिनं माझ्यासमोर ठेवले. "खावा आता तुमीच. घाई तुमाला होती, आंब्याला नव्हती."

त्यानंतर धंदा तिच्या मतानं चालला. रोज सकाळी पेंढा उचलून एकेका फळावरून हात फिरवायची, लागलेलं, सडू पाहणारं दिसलं की लगेच बाहेर. मी विचारलं, पिकायला सोडलंय ना, मग रोज काय बघतेस? म्हणाली, "वाट बघायची म्हंजे पाठ फिरवून बसायचं न्हाय." एकदा जवळच्या सोसायटीतल्या कुलकर्णीबाई गाडी घेऊन आल्या. "मावशी, उद्या पाहुणे येतायत, दुप्पट देते." ही म्हणाली, "पाहुण्यास्नी सांगा, शनिवारी या." बाई हसल्या, आणि खरंच शनिवारी आल्या. मग त्यांची अख्खी सोसायटी आली. समोरच्या एसटीडी बूथवर हिच्या नावानं फोन यायला लागले. आंबा संपला की चिकू, मग सीताफळ... ज्या दिवसात जे येईल ते, आणि ते पिकेल तेव्हा. आम्ही गाळा घेतला. मी पेट्या वाहणं सोडलं. लोक म्हणायचे, बायकोनं तारलं. खोटं नव्हतं.

म्हणूनच जास्त लागतं. दहावं झाल्यावर कुलकर्णीबाई आल्या, रडत म्हणाल्या, "भाऊ, दिवाळीत दवाखान्यात मीच नेलं होतं. त्यांनी मला शपथ घातली. म्हणाल्या, ह्यांना कळलं तर गाळा विकतील, मला ओढत ऑपरेशनला नेतील. राहू दे, आपसूक जिरेल." मी बाईंना चहा विचारला नाही.

होय, विकला असता गाळा. ओढत नेली असती. माझ्या जोराला ती भ्याली, असं लोक मला समजावतात. मला नाही पटत. दिवाळीपासून ती अंगाला हात लावू देईना. विचारलं तर म्हणाली, वय झालं आपलं. मी खरं मानलं. फळाला रोज हात लावणारी बाई, माझ्याकडंच पाठ फिरवून बसली.

आता चिकू आलेत. गाळ्यात नवा पेंढा घातलाय. सकाळी एकेकावरून हात फिरवतो, लागलेलं बाहेर काढतो, घाई करणाऱ्याला परत पाठवतो. तिनं शिकवलेलं सगळं तसंच करतो... आणि करताना तिच्यावर चिडलेलाच असतो.