डोणगाव ते बीबी, चाक मांडीवर घेऊन

सांगते मी, लिहिते माझी नात प्रज्ञा. मला अक्षर येत नाही, म्हणून चुका सगळ्या तिच्या.

निघायचं कारण तिच्याच सायकलीचं मागचं चाक. ती दोन गावं पलीकडच्या शाळेत शिकवते, त्या वाटेनं एसटी नाही. चाक डुलायला लागलं तेव्हा तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, घरीच चाकाच्या तारा आवळायची चावी फिरवली. जिथं वाकडं दिसलं तिथल्याच तारा आवळल्या. आठवड्यात पोरगी दोनदा पडली. मग आमच्या लेकसाहेबांचा हुकूम, "आता पडली तं सायकल बंद." सायकल बंद म्हणजे नोकरी बंद. बीबीचे एक म्हातारे मिस्त्री चाक चांगलं बांधतात, असं ऐकलं होतं. म्हटलं, चल.

डोणगावहून सकाळची एसटी धरा. मेहकर, सुलतानपूर करत सरळ बीबी. मला वयामुळे तिकीट नाही, प्रज्ञाला अर्धं. कंडक्टर चाकाकडे बघत म्हणाला, "आजी, याचं काय?"

"हे मांडीवर बसते, बापा. पाच वर्साच्या आतलं आहे."

मेहकरला आलुबोंडा खाल्ला. रस्सा मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

मिस्त्रींचं दुकान बाजाराच्या वाटेवर, टिनाखाली. त्यांनी चाक एकदा फिरवलं. "हे कोनं केलं?"

"माह्या लेकानं."

"हुशार दिसते."

"हाव, बापावर गेला."

आम्हाला वाटलं अर्ध्या तासाचं काम. त्यांनी सगळ्याच तारा ढिल्या केल्या, मग थोड्या थोड्या, आळीपाळीनं दोन्हीकडच्या आवळत गेले. मधेच बोटानं छेडून ऐकत. दुपार कलली. चाक सरळ फिरलं तशी मी पिशवी उचलली.

"बसा माय, काऊन घाई? आता वजन पाहिजे." चाक त्यांनी स्वतःच्या सायकलीला लावलं अन् प्रज्ञाला म्हणाले, "फाट्यापर्यंत जाऊन ये. आजीले मांगं बसव."

"मी का गव्हाचं पोतं आहे?"

"पोतं उलटून बोलत नाही."

बसले. थोडं पुढं गेलो तर खालून टिंग, टिंग! गेलं चाक म्हणून मी पोरीला गच्च धरलं. पण पडलो नाही. परत आलो तर मिस्त्री हसत होते. "तारा आपली जागा धरून राह्यल्या. आता पुन्हा आवळतो."

अरे, हे तर मला येत होतं! नवी विणलेली खाटही पहिल्या बसण्यात सैल पडते, पायथ्याची दोरी पुन्हा ओढावी लागते.

दुसऱ्या फेरीला चाक गप्प. मीच तेवढी बोलत होते.

आज महिना झाला. प्रज्ञा खड्ड्यांतून रोज जाते, पडलेली नाही. बीबीचा किस्सा आम्ही घरी सांगितला, तेव्हापासून लेक सकाळी गुपचूप चाक फिरवून बघतो. मला दिसत नाही, असं त्याला वाटतं.

परवा त्याला खाट आवळायला बसवलं. झोल दिसला तिथलीच दोरी ओढायला लागला.

"सगळी सोड," मी म्हटलं.

"माय, अशीबी चालते नं."

"चाकबी चालतच होतं."

त्यानं सगळी सोडली, पहिल्यापासून आवळत आणली. झाल्यावर बाजूला सरकून म्हणाला, "बस आता, माय. वजन पाहिजे."

बसले. मग उठले, आणि त्यानं न सांगता दोरी पुन्हा ओढली.