उपासाची चक्की

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरून आत वळलं, की दिगंबररावांची पिठाची गिरणी लागते. पूर्वी तिथे त्यांचं शेत होतं. आता सोसायट्या आहेत आणि आमच्यासारखी चिकित्सक गिऱ्हाइकं. ज्वारीचा डबा पुढे करून कुणी विचारलं, "यावर आधी काय दळलंत?" की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"बाई, गव्हाची दोन चिमूट पोटात गेली म्हणून कुणी मरत न्हाई."

हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि दर वेळी निमूट डबा ठेवून आले.

गिरणीत चक्क्या दोन. मोठीवर गहू, ज्वारी, बाजरी, सगळं. कोपऱ्यातली धाकटी मात्र उपासाची. तिच्यावर फक्त भगर, राजगिरा, शिंगाडा; एरवी ती धुतलेल्या धोतराखाली झाकलेली. तिला हात लावण्याआधी ते अंगावरचं पीठ झटकून हातपाय धुऊन येत. उपासाच्या पिठात धान्याचा कण गेला तर पाप आपल्या माथी, इतकं त्यांचं धर्मशास्त्र सोपं होतं.

त्यांची नात मैना दोन वर्षांची झाली तरी धड चालेना. ओठ पांढरेफटक, हातपाय काड्या, पोट तेवढं पुढे. लोहाच्या औषधानं दात काळे पडले, रक्त काही वाढेना. शेवटी बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी कारण सांगितलं. पोरीला गहू सोसत नाही. त्यानं आतडं खराब झालंय, म्हणून दूधही पचत नाही आणि लोह कितीही दिलं तरी अंगी लागत नाही. गहू कायमचा बंद, कणभरसुद्धा नको.

सून आनंदीनं चपात्या, बिस्किटं, शेवया घराबाहेर काढल्या. मैनाला ज्वारीची भाकरी सुरू झाली. ती ज्वारी दिगंबरराव स्वतः निवडत आणि मोठ्या चक्कीवर स्वतः दळत. बाजारचं पीठ नातीच्या पोटात जाऊ द्यायला ते तयार नव्हते. संध्याकाळी ते पिठानं माखून घरात आले, की मैना हात वर करायची आणि ते तिला तसंच उचलून घ्यायचे.

पुढच्या तपासणीत रक्त आणखी उतरलं. असंच उतरत राहिलं तर बाहेरून रक्त चढवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी विचारलं, "पीठ कुठून आणता?"

"घरचंच. आमचीच गिरणी आहे," आनंदी अभिमानानं म्हणाली, आणि लगेच तिला मोठ्या चक्कीवरचा गहू आठवला.

दवाखान्यातून ती तडक गिरणीत आली. मी दळणासाठी तिथेच उभी होते.

"आबा, देवाच्या उपासाला तुम्ही वेगळी चक्की ठेवता," ती म्हणाली. "मैनाच्या भाकरीला का नाही ठेवली?"

दिगंबररावांनी चालू चक्की बंद केली. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

नवरात्राच्या तोंडावर आम्ही उपासाचं दळण घेऊन गेलो, तर कोपरा रिकामा. धाकटी चक्की धुऊनपुसून वरच्या मजल्यावर गेली होती. तिच्यावर आता फक्त मैनाचं दळण, तेही आनंदीच दळणार. आबांना त्या खोलीत मज्जाव.

"मग आमच्या उपासाचं काय?" शेजारच्या कुसुमताई कडाडल्या.

"मोठीवर दळून देतो."

"गव्हाच्या चक्कीवर? उपास मोडेल!"

"बाई, गव्हाची दोन चिमूट गेली म्हणून देव मरत न्हाई," दिगंबरराव म्हणाले. "माझी नात मरत व्हती."

कुसुमताईंनी डबा उचलला आणि दुसरी गिरणी गाठली. उपास तो उपास.

याला वर्ष झालं. मैनाच्या ओठांना रंग आलाय, रक्तही चढवावं लागलं नाही. परवा संध्याकाळी मी दळण घेऊन निघाले, तेव्हा ती घराच्या दारात उभी होती. आबा पांढरेफेक होऊन गिरणीतून येत होते. तिनं हात वर केले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे धरून ती ओरडली, "आबा, आधी आंघोळ!"

आणि दिगंबरराव मुकाट्यानं न्हाणीघराकडे वळले.