धरणातून वर आलेली कबर

घरची पाण्याची टाकी उपसायला काढली, की तळच्या गाळाच्या वासानं मला दुष्काळातल्या एका दुपारची आठवण येते. शहरात तेव्हा टँकरपुढं रांगा लागायच्या, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवून सुट्टीत पर्यटकांसाठी दुभाष्याचं काम करायचो. इंग्लंडहून एक वयस्कर बाई आल्या होत्या. त्यांचे खापरपणजोबा कापसाच्या व्यापारासाठी इकडं आले ते परत गेलेच नाहीत. परक्या मुलखात एकटेच मेले, एवढंच घरच्यांना ठाऊक होतं. शहरातल्या इंग्रजांच्या जुन्या छावणीच्या कब्रस्तानात त्यांचं नाव सापडलं नाही. मग कुणीतरी सांगितलं, धरणात बुडालेलं एक गाव यंदा उघडं पडलंय, तिथं सायबाची कबर आहे. भेगाळलेल्या गाळात मेंढ्या चारणाऱ्या, त्याच बुडालेल्या गावच्या एका धनगर आजींनी आम्हाला थेट त्या दगडापाशी नेलं. नाव तेच निघालं. बाई दगडावर हात ठेवून बराच वेळ बसल्या, मग म्हणाल्या, पाणी चढायच्या आत हा शहरात हलवू या. मी ते आजींना सांगितलं. "कशाला?" आजी म्हणाल्या, "लई आजारी पडला तवा आमच्याच घरच्यांनी सांभाळलं त्याला. आमची समदी माणसं हितंच पुरलीत. पाणी आलं तर समद्यांवरच यील की." मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाईंनी डोळे पुसले, आणि दगड तिथंच राहू दिला. पुढच्या पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला. अजूनही वर्षाकाठी त्यांचं एक पत्र येतं, आणि त्यात त्या विचारतात, आपल्या गावावर यंदा पाणी किती आहे?