मारबतीला काढलेली पावलं

आमच्याकडे, इचलकरंजीच्या बाजूला, बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तो आषाढातच होऊन जातो. लग्न होऊन नागपुरात आले, तर इकडे बैल सजले श्रावण संपताना, पोळ्याला. मी चौथीत शाळा सोडलेली. पंचांग वाचता येत नव्हतं. कुठला सण कधी ते आई सांगायची, तेच माझं पंचांग, आणि ते आता आगगाडीनंही लांब राहिलं होतं.

सासर विणकरांचं, इतवारीजवळच्या गल्लीत. पुढच्या खोलीत माग, मागे चूल. घरात सासूबाई, थोरली जाऊ आणि तिचा रांगता मुलगा. माझा नवरा गिरणीत पाळीवर जायचा. वडील गेलेले, आई मामाच्या दारात; हुंडा न घेता मला करून घेतलं होतं. इथून घालवलं तर जायला जागा नाही, हे मला अंगाची हळद उतरायच्या आधीच कळलेलं. कुणी आवाज चढवला की मी आधी 'चुकलं' म्हणायची, मग काय चुकलं ते विचारायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत ढोल वाजू लागले. सासूबाई आणि जाऊ पोराला घेऊन कोपऱ्यावर गेल्या. मी दारातून पाहिलं, तर बांबू-कागदाची उंच बाई, साडी नेसलेली, कपाळभर कुंकू, पोरांच्या खांद्यांवरून येत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गौर! आमच्याकडे गौरी अशाच नटून येतात, गणपती बसल्यावर. इकडे बैल उशिरा, तर गौर लवकर येत असेल, असं मी धरून चालले. आणि घरात काहीच तयारी नाही! सासूबाई विसरल्या असतील. मी सावरून घेतलं तर खूश होतील.

घाईघाईनं तांदळाचं पीठ कालवलं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पावलं काढली, मूठ टेकवून, वर बोटांचे ठिपके. ताटात निरांजन, हळदकुंकू. पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहिले आणि आई म्हणायची तसं मोठ्यानं म्हणाले, "ये गं गौराई, सोन्याच्या पावली ये, भरल्या घरात ये."

ढोल थांबला.

"काय म्हणून राहिली वं हे?"

"मारबतीले घरात बोलावून राहिली बाप्पा! जेवाले वाढशीन का तिले, वहिनी?"

सगळी गल्ली हसत सुटली. मारबत म्हणजे काय ते मला त्या हसण्यातच समजलं. रोगराई, खोकला, ढेकूण, घराघरातली पीडा तिच्या डोक्यावर घालायची, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत तिला गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. मी तिला ओवाळलं होतं.

गर्दीतून सासूबाई आल्या. त्या हसत नव्हत्या. "कोणं सांगतलं होतं तुले?"

"चुकलं, आत्याबाई."

मी पावलं पुसायला वाकले, तर म्हणाल्या, "पुसू नको. बाहेर जाणारे काढ."

मग चुलीपासून उंबऱ्यापर्यंत, आत आलेल्या प्रत्येक पावलाशेजारी एक बाहेर जाणारं. मी ओणवी सरकत होते आणि बायका खिडकीतून वाकून बघत होत्या. जाऊ वरून सांगत होती, "नीट काढ वं, बोटं दाराकडे. नाही तर वापस येईन ते."

पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. माझ्या गौरीला इकडे हे नाव. पावलं जाऊनं काढली. मला उंबऱ्यालाही हात लावू दिला नाही. मी मागच्या अंगणात पुरणाची भांडी घासत आरती ऐकली. चाल वेगळी होती, तरी ओठ हलवले.

थंडीत पोराला डांग्या खोकला झाला. तो मलाही 'आई'च म्हणायचा, कारण दुसरा शब्द त्याला येत नव्हता. पोर गेलं. उचलून नेलं तेव्हा जाऊ रडली नाही. माझ्यासमोर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "जेवली का वं तुझी गौर? पोट भरलं तिचं?"

मी 'चुकलं' म्हणाले. दुसरं काय म्हणतात ते मला येत नव्हतं.

पुढचा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः परातीत पीठ कालवलं. मी मूठ बुडवायला बसले.

"हातानं नाही. पाय ठेव तुहे."

चुलीजवळून माझ्या ओल्या पायांनी चालत निघाले. माग ओलांडला, उंबरा ओलांडला, गल्लीत उतरले. मारबत समोरून येतच होती. दारातून सासूबाई ओरडल्या, "खोकला घेऊन जा गे मारबत!" आणि जाऊ ओरडली, "आमची धाकटी घेऊन जा गे मारबत!"

पोरांना ते आवडलं. ढोलाच्या ठेक्यात नीट बसत होतं. "धाकटी घेऊन जा गे मारबत!" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ओरडले नाही, तर ही मारबतीचीच म्हणतील, असं वाटलं. मीही ओरडले. माझा आवाज सगळ्यांत चढा लागला.

मिरवणूक गेली. आमचं दार लागलेलं होतं. मी समोरच्या नळापाशी उभी राहिले. पायांवरचं पीठ वाळून तडकलं. पाळी संपवून नवरा आला, माझ्याकडे बघितलं, पावलांकडे बघितलं, आणि ती न मोडता कडेकडेनं आत गेला. दार पुन्हा लागलं. नळाला पाणी होतं, पण पाय धुवायची परवानगी आहे की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

दिवेलागणीला सासूबाईंनी दार उघडलं.

"ये. इतके भांडे कोण घासन?"

काय सांगू, किती बरं वाटलं. त्या एका 'ये'चे उपकार मी अजून मानते. नसत्या म्हणाल्या तर कुठं गेले असते? उंबऱ्याशी थांबले. पदरानं दोन्ही तळवे घासून पुसले. आणि आत जाणारा एकही ठसा उमटू नये म्हणून चवड्यांवर चालत, कडेकडेनं, भांड्यांपाशी गेले.