सूचीताईंना न जमलेली निवड

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात त्या बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या. पुस्तकांच्या सूचीवरून मुलं त्यांना सूचीताई म्हणत. नव्या मुलांना तर ते त्यांचं खरं नावच वाटे. घरी सासूबाई म्हणत, "ही संध्याकाळी येते ती निम्मीच. उरलेली तिकडेच राहते." ते काही अगदीच खोटं नव्हतं. दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून लांब टेबलांवर उतरलं, पानं उलटल्याची सळसळ तेवढी उरली, की सूचीताई जाग्या असूनही संथ पाण्यावर तरंगत असल्यासारख्या होत.

अशाच एका दुपारी अधिष्ठात्यांनी त्यांना बोलावून घेतलं. "यंदा निधी तोकडा आहे. ऑनलाइन नियतकालिकांची वर्गणी भरू, नाहीतर तुमच्या सहायकाची जागा चालू ठेवू. दोन्ही नाही जमायचं. काय ते शुक्रवारी सांगा."

सहायक म्हणजे काका. सगळे त्यांना काकाच म्हणत. सूचीताई परतल्या तेव्हा ते फाटलेल्या पानाला पातळ कागद चिकटवत होते. त्यांना सांगायला ताईंची जीभ रेटेना. दोन दिवस त्या हरवल्यासारख्या वावरल्या. एकदा तर नवऱ्याचा डबा आपल्याच पिशवीत घालून आल्या.

गुरुवारी बालरोग विभागाच्या डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या. चार महिन्यांच्या एका मुलीचे झटके कुठल्याच औषधाने थांबत नव्हते.

"असंच काहीतरी मी शिकत असताना इथं वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "हिरवी बांधणी होती, एवढंच आठवतंय."

"हिरवी म्हणजे तळघरात," असं म्हणत काका निघालेसुद्धा. तासाभराने ते अंगभर धूळ घेऊन वर आले. हातात दोन खंड होते. दुसऱ्यात तो लेख सापडला, पण त्यातलं आजाराचं नाव केव्हाच मागे पडलेलं. सूचीताईंनी नवं नाव शोधून काढलं, संगणकावर ऑनलाइन नियतकालिकांत घातलं, आणि पडद्यावर एकामागून एक अलीकडचे लेख उमलत गेले. उपचार, मात्रा, सगळं. त्या निळसर उजेडाकडे तिघंही बघत राहिली. खिडकीबाहेर झाड हलत होतं, आणि सूचीताईंना वाटलं, आपण फार दिवसांनी कुठूनतरी घरी आलो आहोत.

शुक्रवारी त्या अधिष्ठात्यांना म्हणाल्या, "सर, मला निवडता येत नाही." आणि कालची हकिकत सांगितली. मग जरा थांबून, "वाचनकक्षाच्या नव्या खुर्च्या मंजूर आहेत ना? त्या नकोत. ते पैसे इकडे वळवा."

"मुलं कुरकुरतील."

"जुन्या खुर्च्याच कुरकुरतात, सर. मुलं त्यांवर झोपतातसुद्धा."

अधिष्ठाते हसले, पण लगेच हो म्हणाले नाहीत. पुढल्या आठवड्यात पत्र आलं: वर्गणी पूर्ण, काका अर्धा वेळ. काकांनी पत्र दोनदा वाचलं. "सकाळचा अर्धा घेतो," ते म्हणाले, "दुपारी तुम्ही कुठं इथं असता?"

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चार दिवस झाले, झटका नव्हता. मुलगी आईकडे बघून हसली होती. सूचीताईंनी फोन ठेवला. एक मुलगा पुस्तक घेऊन समोर उभा होता, तो त्यांना दिसलाच नाही.