वखारीतला आखाडा

अकोल्यात मोर्णेच्या काठी, एका कडुलिंबाखाली, आमचा आखाडा होता. भिंत नाही, छप्पर नाही. पहाटे थोरला भाऊ मला उठवून तिथं नेई. मी जोर काढायचो आणि तो शेजारी उभा राहून मोठ्यानं मोजायचा. धाकट्याचे जोर थोरल्यानं मोजायचे, अशी आमच्या आखाड्याची रीत होती. त्याचा आवाज पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना ऐकू जाई. नदीवरचा वारा घामाला लागला की अंगात दुप्पट जीव यायचा, आणि घरी आल्यावर मायनं टाकलेल्या भाकरी पुरायच्या नाहीत.

मग कापसानं गावाचं डोकं फिरवलं. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई पेटली होती म्हणे, आणि त्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेल्हाऱ्याकडून गाड्यांची रांग लागली आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेत कापसाच्या गंज्या उभ्या राहिल्या. आखाड्याची जागाही त्यांच्यासाठी हवी झाली. पण वखारीच्या शेठला राखणीला दणकट माणसं हवी होती. त्यानं आमच्या वस्तादाला सांगितलं, पोरांना राखणीला पाठवा, वखारीतला एक कोपरा देतो, तिथं आखाडा करा.

वस्ताद हरखला. "ताकद मातीत रायते, आभायात नाई," तो म्हणाला. "माती नेली म्हंजे आखाडा गेला."

हळद, तेल, ताक जिरवलेली ती माती आम्ही उकरली, टोपल्यांनी डोक्यावरून वाहिली आणि नारळ फोडून वखारीत पसरली. मारुतीचा दगड तेवढा जागचा हलेना, म्हणून तो लिंबाखालीच राहिला. ऊन नाही, पाऊस नाही, असा आखाडा पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. लोकांना हेवा वाटला, आणि आम्ही असे मूर्ख की आम्हालाही नशीब उघडल्यासारखं वाटलं.

वखारीची दारं कायम बंद. वाऱ्यानं चिमूटभर रुई उडाली तरी शेठचा जीव वरखाली होई. भाऊ राखणीला तिथंच झोपे, तिथंच उठे, तिथंच जोर काढी. घामेजल्या अंगाला तूस चिकटून सगळे पैलवान पांढरी माकडं दिसायचे. आम्ही पोट धरून हसायचो. होळीपर्यंत भावाला खोकला लागला. माझे जोर मोजताना तो मधेच थांबू लागला. वस्ताद म्हणे, "बैठका वाढव लेका, छाती मोकयी होते." भाऊ भला माणूस, त्यानं वाढवल्या.

शेवटी मायनं हकीमसाहेबांना बोलावलं. त्यांनी भावाच्या पाठीला बराच वेळ कान लावला. "इसकू दवा कम, हवा जादा होना," ते म्हणाले. "रोज सुबह नदी पे फिराओ. वखार का दरवाजा भी मत दिखाओ."

मग रोज सकाळी मी त्याला मोर्णेच्या काठानं चालवलं. आधी तो पहिल्या गंजीशीच बसे. मग गंजीपलीकडच्या बोरीपर्यंत जाऊ लागला, मग त्याही पुढं, माझ्या आधी. तोंडाला चव आली, झोप लागू लागली. एके दिवशी फिरून आल्यावर त्यानं आणखी एक भाकरी मागितली आणि माय चुलीशी बसून रडली. मला वाटलं, वाचला.

तेव्हाच वस्ताद दारात आला. "पैलवानानं मातीले पाठ दाखवली का माती रुसते," तो भावाला म्हणाला. "एक खेप तरी कपायाले लावून जाय."

माय आडवी आली. "काहून नेता त्याले? आता कुठं जेवून राहिला तो!"

पण वस्तादाचा शब्द कुणी मोडत नसे. भाऊ गेला, माती कपाळाला लावली आणि पुन्हा राखणीला राहिला. काही दिवसांनी त्याला बाजेवर घालून घरी आणलं, ओठ निळे पडलेले. वस्तादाचं वाटोळं होवो असं मी त्या दिवशी म्हणालो, आणि आज वस्ताद जिवंत नाही तरी म्हणतो.

पुढं ती लांबची लढाई संपली. भाव कोसळला, गंज्या गेल्या, काठ मोकळा झाला. वखारीतली माती मी एकट्यानं परत वाहिली, तिच्यातले रुईचे पुंजके वेचून फेकले आणि ती मारुतीसमोर पसरली. भावाला पाठुंगळीला घेऊन लिंबाशी टेकवून बसवलं. हकीमसाहेब आता नुसती नाडी बघून उठायचे. वारा पूर्वीचाच होता, पण तो भावाच्या छातीत उतरत नव्हता.

"काढ जोर," भाऊ म्हणाला. "मी मोजतो."

त्याची मोजणी थांबली की मी थांबायचो. अंगात बळ असे, तरी मोजणीच्या पुढं एक जोर काढायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दिवसेंदिवस मोजणी आखूड होत गेली. मी त्या दगडापुढं डोकं आपटलं, मोर्णेला साकडं घातलं, वाऱ्यापुढंसुद्धा हात जोडले.

एका सकाळी मी नेहमीसारखा खाली गेलो, छाती मातीला लागेपर्यंत, आणि पहिल्या आकड्याची वाट बघत राहिलो. पलीकडच्या काठावर बायका धुणं आपटत होत्या. माझे हात थरथरू लागले, तरी मी वर आलो नाही.