तिसरी खुर्ची

चाचणीच्या खोलीत खुर्च्या दोनच हव्यात, असं आमचे प्राध्यापक घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे. एक तुमची, एक मुलाची. तिसरं माणूस नको, मग तो मुलाचा बाप का असेना. ऐंशीच्या दशकात विद्यापीठात शैक्षणिक मानसशास्त्र शिकणारी चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीकडची मी एकटीच होती. ते वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. अधोरेखित करायला काय जातं.

प्रात्यक्षिकासाठी मला गडचिरोलीच्या जंगलातली एक आश्रमशाळा मिळाली. एसटी दिवसातून एकच. हेडमास्तर स्वतः मला घ्यायला फाट्यावर आले, घरी जेवू घातलं, त्यांच्या बायकोनं स्वतःची खाट मला दिली. एका शिकाऊ पोरीचा इतका पाहुणचार काऊन, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. पण मी बावळट, पोट भरलं की खूश.

सकाळी त्यांनी एकच मुलगी पुढे केली. चौथीतली, माडिया आदिवासी, दहा-अकरा वर्षांची. "पोट्टी मंद हाय बाई. काहीबाही बरळून राह्यली. तुमी तपासा अन् तेवढं लिहून द्या, तिले घरी पाठवतो." मी ठोकळे, चित्रं, स्टॉपवॉच टेबलावर मांडलं. मुलगी येऊन बसली. तिच्या मागोमाग हेडमास्तर खुर्ची घेऊन आले, दाराशी ठेवली आणि बसले.

मला नियम आठवला, वहीतलं पानसुद्धा आठवलं. पण बापाच्या वयाचा माणूस, काल त्याच्याच घरी जेवलेली मी. बाहेर जा कसं म्हणू? "गुरुजी, तुम्ही..." एवढंच तोंडातून निघालं.

"बसतो ना मी इथीच. लेकरू नव्या माणसाले भेते."

खाल्ल्या मिठाला जागली मी, दुसरं काय.

मुलगी बोलली नाही. ठोकळ्यांना हात लावला नाही. चित्रातल्या बैलाला शेपूट नाही, हे दाखवायला तिनं बोटही उचललं नाही. स्टॉपवॉच टिकटिकत होतं आणि मी शून्यावर शून्य लिहीत होती. ती सगळा वेळ हेडमास्तरांच्या पायाकडे पाहत होती. तो पाय सारखा हलत होता. ते मला दिसत होतं, पण लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

संध्याकाळी अहवाल दिला. मंदबुद्धी. खाली माझी सही, वर विद्यापीठाचं नाव. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला आणि नीट घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी होती. मुलगी धापा टाकत आली. शाळेच्या दिशेनं एकदा पाहून घेतलं आणि बोलायला लागली, कुठंही न अडखळता. सुट्टीत बाकी मुलं घरी गेलेली आणि ताप आला म्हणून ती शाळेत एकटी झोपलेली असताना, भर दुपारी, कोठीतली तांदळाची पोती ट्रॅक्टरवर चढली होती. सतरा कट्टे. कोणी उचलले, हेडमास्तर कुठं उभे होते, ट्रॅक्टर कोणत्या गावाकडे गेला, सगळं तिनं सांगितलं. तेव्हापासून मुलं पातळ पेजेवर होती. तिच्या बापानं तक्रार केली होती आणि आता जिल्ह्याचे साहेब चौकशीला येणार होते.

"साहेब मलेच इचारन," ती म्हणाली. "बाई, तुमी कागदावर काय लिहून देल्लं?"

शाळा हाकेच्या अंतरावर होती. जाऊन कागद परत मागता आला असता. तेवढ्यात एसटी आली. ती गेली की उद्यापर्यंत दुसरी नव्हती, पण खरं कारण ते नाही. मला त्या माणसाची भीती वाटली. "चांगलंच लिहिलं," असं म्हणून मी गाडीत चढली. खिडकीतून पाहिलं, तर ती हसत होती.

दोनेक महिन्यांनी त्या शाळेतल्या स्वयंपाकीणबाई चंद्रपूरच्या बसस्टँडवर भेटल्या. साहेब येऊन गेले, म्हणाल्या. मुलगी सांगायला उभी राहिली, तोच हेडमास्तरांनी खिशातून कागद काढून पुढे केला. साहेबांनी वाचला आणि तिला खाली बसवलं. त्याच दिवशी तिचं नाव कटलं. आता घरी कोणाशी बोलत नाही म्हणे, बापाशीसुद्धा नाही.

"पन एक गोष्ट समजली नाई, बाई," त्या म्हणाल्या. "मास्तरानं तुमचा कागद काढला, तं ते पोट्टी हासली. साहेब वाचेपर्यंत हासूनच राह्यली होती."